मनीऑर्डरीने आलेली रेल्वे

आमच्या निडीला रेल्वे १९८६ साली आली. आपट्यापासून रोह्यापर्यंतचा मार्ग त्या वर्षी सुरू झाला आणि नागोठणं मागे टाकून रोह्याकडे निघालेल्या गाडीला मध्ये एक थांबा मिळाला, आमच्या गावाच्या नावाचा. कागदावर हे बरोबर आहे. पण गावातल्या जुन्या बायकांना विचारलंत तर त्या हसतील. त्यांच्या हिशेबाने रेल्वे त्याच्या कितीतरी आधीपासून येत होती. दर महिन्याच्या दहा-बारा तारखेला, नागोठण्याच्या बाजूने सायकल रेटत येणाऱ्या पोस्टमनच्या खाकी पिशवीतून. कुणाकडे ती पिशवी गिरणीचे पैसे आणायची, कुणाकडे गोदीचे. आमच्याकडे रेल्वेचे. अंगठा उठवून नोटा हातात घेतल्या की माझी पणजी म्हणायची, "आली गं बाय आपली गाडी."

ही गाडी पाठवणारे नाना म्हणजे माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ. परळच्या रेल्वे वर्कशॉपात त्यांनी अडतीस वर्षं काढली, जवळजवळ सगळी बॉयलर शॉपात. मला आठवतात ते निवृत्तीनंतरचे नाना. पडवीत बाजेवर बसलेले आणि सदा मोठ्याने बोलणारे. मोठ्याने, कारण स्वतःला ऐकू यायचं नाही. बॉयलरवर काम करणाऱ्यांचे कान तेव्हा जगभर जात, इंग्रजीत त्या बहिरेपणाला बॉयलरवाल्यांचंच नाव आहे. पत्र्यावर पत्रा जोडताना एक माणूस आत बसून रिबिटीला टेकू देणार आणि दुसरा बाहेरून हाणणार. "देवळातली घंटा डोक्यावर पालथी घालून बस आणि दुसऱ्याला वाजवायला सांग, मग कळंल," असं ते समजावून सांगत. पाखरं, पोरांची कुजबुज, नानीचं पुटपुटणं यातलं काही त्यांच्यापर्यंत पोचत नसे. नानीच्या पुटपुटण्याचं त्यांना वाईट वाटत होतं असं मात्र मला कधी दिसलं नाही.

आणि तरीही घरात सगळ्यात तिखट कान नानांचा, याबद्दल दुमत नव्हतं. उन्हाळ्याच्या तोंडाला रोह्याच्या बाजारात माठ घ्यायला जायचं तर त्यांना नेल्याशिवाय कुणी जात नसे. कुंभारणीच्या पुढ्यात उकिडवे बसून ते डावा तळवा माठाच्या पोटाला चिकटवत आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं पेर वरून हळूच मारत. एकदा, दोनदा, मग माठ थोडा फिरवून परत. "बद्द," म्हणून बाजूला ठेवत. "बद्द. हा पण बद्द." कुंभारीण कावून जायची. मग एखाद्यावर त्यांचा हात थांबायचा. "हा बोलतोय." ऐकू न येणारा माणूस माठाचं बोलणं ऐकतोय, याची बाजारातल्या पोरांना गंमत वाटायची. ते तळव्याने ऐकत होते, हे मला पुष्कळ उशिरा समजलं.

थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की शेतावर पोपटी लागायची. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वर शेंगा, कांदे-बटाटे, कुणाची ऐपत असली तर कोंबडी, परत पाला, आणि मडकं पालथं घालून भोवती जाळ. शिजलं की नाही हे इतर लोक मडक्यावर पाण्याचा शिंतोडा मारून बघतात. नाना काठीच्या टोकाने मडकं वाजवून सांगायचे. चुकलेले मी एकदाच पाहिले, आणि त्या वेळी त्यांनी दोष मडक्याला दिला.

नाना मुंबईला कसे गेले याच्या घरात दोन गोष्टी आहेत. पहिली नानांची. १७ जुलै १९४७, गटारी अमावास्या. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट वाटेत काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेंवर माणसं बुडाली. अलिबाग-पेण-रोह्याकडची अशी गावं कमी असतील जिथे त्या दिवशी कुणाकडे रडारड झाली नाही. तेव्हा मुंबईशी आमचा रस्ता पाण्याचा होता. रेवसला नाहीतर धरमतरला लाँच लागायची. त्याही आधी, नानांच्या आजाच्या काळी, भरतीच्या पाण्यावर अंबेच्या खाडीतून मचवे थेट नागोठण्याला लागत. भात आणि पेंढा घेऊन जात आणि येताना कापडचोपड, नळ्याची कौलं आणत. बोट म्हणजे त्या लोकांना बैलगाडीइतकी सवयीची गोष्ट. 'रामदास'ने ती सवय मोडली. दोन वर्षांनी नाना निघाले तेव्हा त्यांच्या आईने गळ्याची शपथ घातली की पाण्यावर पाय ठेवायचा नाही. म्हणून नाना नागोठण्याहून पालीमार्गे, थोडं चालत, थोडं सर्व्हिस मोटारीने, खोपोलीला गेले आणि तिथे आयुष्यात पहिल्यांदा आगगाडी पाहिली.

दुसरी गोष्ट नानीची. "कसली शपथ न् काय! बोटीत वकतो हा मानूस. अजून वकतो."

दोन्ही खरं असेल. खोपोली मात्र कायमची चिकटली. हे स्टेशन मुंबईच्या रेल्वेइतकंच जुनं म्हणायला हवं. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर-ठाणे गाडी धावली आणि तीनच वर्षांत, १८५६ साली, रूळ खोपोलीपर्यंत पोचले. पुढे घाट आडवा. १८६३ साली बोरघाटातून गाडी वर चढेपर्यंत पुण्याकडे जाणाऱ्या माणसाला खोपोलीला उतरून डोली-टांगा बघावा लागे. घाट फुटल्यावर खोपोली फाट्यावर पडली, कर्जतला जोडलेलं एक शेपूट म्हणून राहिली. पण पेण-पाली-नागोठण्याच्या माणसाला शंभर वर्षं 'रेल्वे' म्हणजे तेच शेपूट होतं. नोकरीच्या कागदांवर गावाचं नाव निडी आणि जवळचं स्टेशन खोपोली अशी नोंद नानांनी करून दिली. रेल्वेचा माणूस म्हणून त्यांना फुकट प्रवासाचे पास मिळत. त्या पासावर ते काशीला जाऊन आले, रामेश्वरला जाऊन आले. आपल्या घरी मात्र तिकीट काढून यायचे. पास खोपोलीपर्यंत, पुढे एसटीचे पैसे. साठच्या दशकात दिव्याहून पनवेल आणि पुढे आपट्यापर्यंत रूळ आले. नाना म्हणायचे, "एकेक गाव करत ती माझ्या मागनं चालली होती. तिला घाई नव्हती."

ते लागले तेव्हा कंपनीचं जुनं नाव चालत होतं. ५ नोव्हेंबर १९५१ ला जीआयपी जाऊन मध्य रेल्वे झाली, पण नानांच्या तोंडातून जीआयपी कधी गेली नाही. परळचं वर्कशॉप १८७९ सालचं. गिरणगावाच्या भोंग्यांत वर्कशॉपचा भोंगा त्यांना वेगळा ओळखू यायचा. आत शिरताना पितळी बिल्ला घ्यायचा, सुटताना परत टांगायचा. बिल्ल्यावर नंबर. हा नंबर त्यांना शेवटपर्यंत पाठ होता, स्वतःची जन्मतारीख मात्र नव्हती. गावातल्या पंधरा-सोळा माणसांनी मिळून परळला दहा बाय बाराची खोली घेतली होती. पाळीप्रमाणे निम्मे झोपणार, निम्मे कामावर. वळकट्या भिंतीला, जेवण खानावळीत. या खोलीबद्दल नाना फारसं बोलत नसत. बॉयलरबद्दल विचारलं की मात्र उठून बसत.

मुंबईच्या माणसाच्या कदाचित लक्षात येत नाही, पण नाना लागले तेव्हाच मुंबईतल्या गाड्या विजेवर धावत होत्या. ३ फेब्रुवारी १९२५ ला बोरीबंदर-कुर्ला विजेची गाडी सुरू झाली आणि काही वर्षांत पुण्याच्या आणि इगतपुरीच्या घाटापर्यंत तारा गेल्या. वाफेची इंजिनं घाटापलीकडे राबत आणि परळला येत ती आजारी पडून. "आमच्याकडे धावणारं इंजिन कधी आलंच नाय," नाना सांगत. "सगळी ओढून आणलेली. आमचं म्हणजे हॉस्पिटल." इंजिन आलं की ते उकलायचं. चाकं वेगळ्या शॉपला, सांगाडा वेगळीकडे आणि बॉयलर उचलून नानांच्या पुढ्यात.

बॉयलर म्हणजे काय हे त्यांनी मला शेणाने सारवलेल्या अंगणात काडीने काढून दाखवलं होतं. मागे भट्टी. भट्टीतला जाळ पुढे शेकडो नळ्यांतून पळतो आणि नळ्यांच्या भोवती पाणी असतं. पाण्याची वाफ होते, पण तिला वाट देत नाहीत, दाबून धरतात. मोठ्या मालगाडीच्या डब्ल्यूजी इंजिनात चौरस इंचावर २१० पौंड. अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर जवळजवळ दोन माणसं उभी राहिली असं समज, ते म्हणाले, आणि थोडा विचार करून, "हडकुळी माणसं." एवढा दाब सोसायचा तर भट्टीची आतली भिंत आणि बाहेरचा पत्रा यांना एकमेकांपासून फाकू द्यायचं नाही. म्हणून मधल्या पाण्यातून लोखंडी खुंट घालून दोन्ही भिंती शिवलेल्या असतात. त्यांना म्हणायचं स्टे. एका बॉयलरला असे शेकड्यांनी. तापून-निवून, तापून-निवून यातला एखादा आतल्या आत तुटतो. बाहेरून दिसत काही नाही. तुटलेल्याचा भार शेजारच्यावर पडतो, मग तो तुटतो.

हे शोधायचं कसं? हातोडीने. एक माणूस भट्टीत उतरून ओळीने एकेका स्टेच्या टोकावर छोट्या हातोडीने टक् करत जाणार. धडधाकट स्टे खणकन बोलतो. तुटलेला बद्द वाजतो. नाना लागले खलाशी म्हणून. मिस्त्रीच्या हाताखाली दिवा धरायचं काम. दिवा धरता धरता त्यांच्या लक्षात आलं की हातोडीचा दांडा आवाजाच्या आधी सांगतो. चांगल्या स्टेवरून हातोडी उडते, मेलेल्यावर बसते. पुढे कान गेले तेव्हा या दांड्यानेच त्यांची नोकरी राखली. वर्षं सरली तसे ते खलाशाचे फिटर झाले, ट्रेड टेस्ट दिल्या आणि शेवटी दुसरी माणसं दिवा धरू लागली.

नळ्यांवर आणि भट्टीच्या भिंतीवर पाण्यातला खार बसायचा, बोटभर जाड. तो छिन्नीने पाडायचा, नळ्या ओढून काढायच्या, बदलायच्या. खार बसला की उष्णता पाण्याला पोचत नाही आणि पत्रा जळतो. हा 'खार' शब्द नानांना परळने शिकवला नव्हता. पेण-वाशीकडे, खाडीच्या काठाने, बांधाला खांड पडून उधाणाचं पाणी शेतात शिरलं की जमिनीवर जो पांढरा थर धरतो तोही खारच. त्यांची आई त्या बाजूची. "आमचा मामा बांधावर बसून खाराशी भांडला, मी इंजिनात शिरून भांडलो," एवढंच ते म्हणत आणि पुढच्या गोष्टीकडे जात.

या सगळ्या वर्षांत नानी निडीला होती. मुंबईचा चाकरमानी आणि गावातली बायको हे कोकणात इतकं सरसकट होतं की त्याची कुणी कहाणी करत नाही, आणि करायला गेलं तर नानी करू देत नाही. गणपतीला नवरा आठ दिवस, शिमग्याला चार, मे महिन्यात जमलं तर दहा. बाकी नांगर, पेरणी, लावणी, सासू, दोन म्हशी, तीन मुलं. मनीऑर्डरीच्या कुपनावर दोन ओळी लिहायला जागा असे. तेवढ्याच नवऱ्याच्या. नाना चौथी शिकलेले, त्यामुळे स्वतः लिहीत. नानीला वाचता यायचं नाही, म्हणून पोस्टमन मोठ्याने वाचून दाखवायचा. "आता परक्या मानसाच्या तोंडनं काय लिवणार हा?" नानी म्हणते. "पाऊस कसा हाय, म्हस कशी हाय. सालंच्या सालं म्हशीची चौकशी."

त्या पैशांतून काय काय झालं याची यादी तिला तोंडपाठ आहे. गवती छपराची मंगळुरी कौलं झाली. माझ्या वडिलांची नागोठण्याच्या शाळेची फी झाली. एक बैल झाला, तो विहिरीत पडून मेला, मग दुसरा. आमच्या आळीत पहिली शिवणयंत्राची टिकटिक आमच्या घरातली. शेताने वर्षाचा तांदूळ दिला, बाकी सगळं रेल्वेने, आणि त्या रेल्वेचं एकही चाक गावात कुणी पाहिलेलं नव्हतं.

नानीने ते पाहिलं दसऱ्याला. खंडेनवमी-दसऱ्याला कारखान्यांत यंत्रांची पूजा होते, त्या दिवशी कामगारांच्या घरच्यांना आत सोडतात. लग्नाला दहा-अकरा वर्षं झाल्यावर एका दसऱ्याला नानांनी तिला मुंबईला नेलं. लेथला झेंडूची माळ, क्रेनला आंब्याचा टाळ, फरशीवर रांगोळी. नानांनी तिला आपला बॉयलर दाखवला. नळ्या काढलेला, समोरून उघडा, आत माणूस उभा राहील एवढा. नानी भोवती फिरली, आत डोकावली, मध्ये जाळ कुठून जातो आणि पाणी कुठे राहतं हे विचारलं. मग पदर सावरून म्हणाली, "मंग हा बंबच की!"

तिने बंब पाहिला होता रोह्याला, एका मोठ्या घरात, जिथे ती मुलगी असताना भात कांडायला जायची. आंघोळीचं पाणी तापवायचा तांब्याचा बंब, मध्ये जाळाची नळी आणि भोवती पाणी. नाना ही गोष्ट मरेपर्यंत सांगत होते. शॉपात येणाऱ्या नव्या पोरांना बॉयलर समजवायला आठवडा लागतो आणि या बाईने एका शब्दात सांगितला. पुढच्या खेपेला ओव्हरटाइमचे पैसे घेऊन ते तांबाकाट्यावर गेले आणि दुकानातले सगळे बंब वाजवून एक निवडला. जुन्या विलायती इंजिनांची आतली भट्टी तांब्याची असे, त्यामुळे तांब्याचा आवाज त्यांच्या हाताला माहीत होता. बंब पोत्यात गुंडाळून, खोपोली-पाली करत, एसटीच्या टपावर बांधून तो निडीला आला. सोडणं आणि वाळलेल्या शेणी घालून तो पेटायचा. त्यातल्या पाण्याला धुराचा आणि तांब्याचा मिळून एक वास असे. मी त्या वासात वाढलो.

८ मे १९७४ ला देशभरचे रेल्वे कामगार संपावर गेले. जॉर्ज फर्नांडिस पुढारी, सुमारे सतरा लाख माणसं, मागण्या आठ तासांच्या कामाच्या, बोनसच्या, पगाराच्या. वीस दिवस चालला. हजारोंनी अटका झाल्या, क्वार्टरं रिकामी करायला लावली. नाना सभांना जात, पण पुढाऱ्यांतले नव्हते. एक गोष्ट मात्र ते पक्की धरून होते: आपल्या शॉपातला माणूस बाहेर उभा आहे तर आपण आत जायचं नाही. धरपकड सुरू झाल्यावर ते रात्री निघून गावाला आले. मे महिना म्हणजे राब भाजायचे दिवस. डोक्याला फडकं बांधून नाना शेतात पातेरा आणि शेणी पसरत होते आणि गावात कुणी अनोळखी माणूस दिसला की पोरं शिट्टी मारून सांगत. शिट्टी त्यांना ऐकू येत नसे. मग नानी बांधावरून ढेकूळ फेकून मारायची. एक ढेकूळ कपाळाला लागलं त्याची खूण ते संपाची खूण म्हणून दाखवत.

माझी पणजी त्या वीस दिवसांत खूश होती. लग्नानंतर पहिल्यांदाच लेक पेरणीच्या आधीपासून घरी होता. "असा संप दर साल करा," ती म्हणाल्याचं सांगतात.

संप मोडला. त्या महिन्याची गाडी आली नाही, पुढच्या महिन्याची अर्धी आली. पुष्कळांसारखा नानांच्याही नोकरीत 'खंड' धरला गेला, म्हणजे आधीची पंचवीस वर्षं हिशेबातून गेल्यासारखीच. नानी म्हणते, ते दिवस त्याला झोप नव्हती. मग १९७७ साली सरकार बदललं आणि मधू दंडवते रेल्वेमंत्री झाले. संपात नोकऱ्या गेलेल्यांना परत घेतलं गेलं, खंड भरून काढले गेले. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गाद्या आल्या त्याही त्यांच्याच वेळी. आणि दंडवते राजापूरचे खासदार, कोकणच्या रेल्वेसाठी झगडलेले. त्यांच्याच मंत्रिपदाच्या काळात आपटा-रोहा मार्गाला मंजुरी मिळाली. नानांच्या मनात या दोन गोष्टींचं एक कडबोळं झालं होतं. "माझी सर्व्हिस परत दिली आणि वर गावाला गाडी दिली," असं ते सांगत, जणू दोन्ही एकाच अर्जावर मंजूर झालं. इतिहास लिहिणारे असं लिहिणार नाहीत. मला मात्र नानांचं वाक्य दुरुस्त करावंसं कधी वाटलं नाही.

गाडी आली ती मुळात माणसांसाठी आली असंही नाही. थळला आरसीएफचा खतकारखाना, नागोठण्याला आयपीसीएलचा प्रकल्प, रोह्याजवळ धाटावची एमआयडीसी. पेणहून थळला मालगाडीचा फाटा गेला, ज्यावरून अलिबागकर अजून प्रवास करू शकलेले नाहीत. आमच्या खाचरांतून मुरमाचा बांध चढला, कातकरी बायांनी डोक्यावरून खडी वाहिली. आमच्या शेताची एक पट्टी त्यात गेली, भावाभावांत नुकसानभरपाईची वाटणी झाली. नानांनी आपला वाटा घेतला नाही. "ज्या घरचं खाल्लं त्याला एवढी जागा दिली तर काय," म्हणाले. यावर नानीचं मत विचारलं नव्हतं. तिने ते नंतर तीस वर्षं न विचारता सांगितलं.

पहिली गाडी बघायला ते मुद्दाम रजा काढून आले. गावाने नारळ, गुलाल आणला होता. समोर डिझेल इंजिन. नाना जवळ गेले, हात लावला, मागे आले. नानीने विचारलं, कसं हाय? "बॉयलर नाय त्याला," ते म्हणाले. वाफेचं शेवटचं मोठ्या गेजचं इंजिन, 'अंतिम सितारा', चित्तरंजनहून १९७० सालीच बाहेर पडलं होतं. गावात गाडी आल्यावर वर्षभराने नाना स्वतः निवृत्त झाले आणि खोपोलीला न जाता, दिवा-रोहा गाडीने, पासावर, थेट आपल्या गावात उतरले. हे त्यांना नोकरीत असताना जवळजवळ करताच आलं नव्हतं.

निवृत्त नानांचा सगळ्यात मोठा त्रास म्हणजे गावाने त्यांना स्टेशनमास्तर समजणं. गाडी उशिरा आली, नानांकडे तक्रार. मालगाडीसाठी तासभर थांबवली, नानांना जाब. "अरे, मी बॉयलरचा मानूस," ते ओरडत. पुढे रोह्यापासून खाली कोकण रेल्वे झाली, २६ जानेवारी १९९८ ला मुंबई ते मंगळूर सगळी वाट मोकळी झाली आणि गणपतीत माणसांनी फुटणाऱ्या गाड्या आमच्या स्टेशनातून न थांबता धडधडत जाऊ लागल्या. नाना पडवीत तळवा खांबाला लावून बसत. खांब शिसवी, जमिनीत पुरलेला. "लांबची हाय, जड हाय," असं सांगत. बहुधा बरोबर असे.

४ मे २०१४, रविवार. सकाळी दिव्याहून सावंतवाडीला जाणाऱ्या पॅसेंजरचं इंजिन आणि काही डबे नागोठणं-रोह्याच्या मध्ये, भिसे खिंडीच्या बोगद्याजवळ रुळावरून घसरले. वीसच्या आसपास माणसं गेली, शंभरावर जखमी झाली. सुट्टीचे दिवस, डबे भरलेले. आसपासच्या गावांतली माणसं मिळेल ते घेऊन धावली. पाण्याचे हंडे, चादरी, शिड्या. आमच्या घरातल्या दोन सतरंज्या गेल्या त्या आल्या नाहीत, त्यांची कुणी चौकशीही केली नाही. मी मुंबईत टीव्हीसमोर, फोन लागत नव्हते. रात्री लागला तेव्हा काकांनी सांगितलं की दिवसभर माणसं नानांच्या पडवीत येत होती. रेल्वेतले ना तुम्ही, सांगा, कशाने झालं? रूळ तुटला? वेग जास्त होता? नाना एकाही माणसाला काही बोलले नाहीत. संध्याकाळी एवढंच म्हणाले, "हातोडी मारल्याशिवाय स्टे मेला म्हणू नये." मग जेवले नाहीत.

२०१७ च्या पावसाळ्यात ते गेले. झोपेत, फार त्रास न देता. परळच्या खोलीतले म्हणून कुणी यायला उरलं नव्हतं.

गेल्या दिवाळीत मी गावी होतो. घरात गिझर लागून वर्षं झाली, बंब मागच्या पडवीत, तळाशी हिरवा पडलेला. भांड्यांची मोड घेणारा आला. तांब्याला भाव चांगला चाललाय. त्याने बंब काट्याला अडकवला सुद्धा. नानी आता नव्वदीला टेकली आहे, कमरेत वाकली आहे, कान मात्र शाबूत. ती आतून भिंत धरत आली आणि त्याला म्हणाली, खाली ठेव. मग तिथेच बसली, डावा तळवा बंबाच्या पोटाला लावला आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं पेर वरून मारलं. थोडं खाली सरकून परत. आणखी खाली. मोडवाला माझ्याकडे बघायला लागला.

"खालच्या अंगाला गेलाय," नानी म्हणाली. "जाळीच्या वर, चार बोटं." आणि मला, "बघतोस काय? पानी ओत त्यात. कुठं गळतो तो बघू."